परका, उपरा आणि परग्रहवासी
अल्प भांडवलाच्या ब्रिटिश विज्ञानभयपटांविषयी काही विचार

१९५३ च्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत बी. बी. सी. ने ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ नावाची सहा भागांची दूरचित्रवाणी-मालिका प्रक्षेपित केली. अंतराळात गेलेले यान परत येते, तिघांपैकी एकच यात्री त्यात शिल्लक असतो आणि तोही हळूहळू मनुष्य राहत नाही, असे तिचे कथानक होते. मालिका प्रत्यक्ष सादर होत असतानाच प्रक्षेपित केली जात असे. तिच्या पहिल्या दोन भागांचेच मुद्रण आज उपलब्ध आहे. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, हॅमर ह्या लहानशा चित्रसंस्थेने तिच्यावरून बोलपट काढला आणि तेथून पुढे सुमारे बारा वर्षे ब्रिटनमध्ये शत्रुबुद्धीने आलेल्या परग्रहवासीयांचे चित्रपट एकामागून एक निघत राहिले. ह्या चित्रपटांची गणना कलाकृतींत करण्याची प्रथा नाही. त्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा त्यांतील राक्षसांची वर्णने देऊन थांबतात. प्रस्तुत लेखात मात्र त्यांच्याकडे भाषेच्या अंगाने पाहावयाचे आहे. आणि ते पाहणे लंडनहून नव्हे, तर पालघर जिल्ह्यातील घिवलीसारख्या किनाऱ्यावरील गावातून करावयाचे आहे. असे का, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

प्रथम पैशाचा प्रश्न. १९२७ च्या ब्रिटिश चित्रपट-अधिनियमाने चित्रगृहांना देशी चित्रपटांचा ठराविक हिस्सा दाखविणे बंधनकारक केले होते आणि त्यामुळे स्वस्तात व घाईने चित्रपट काढण्याची एक सवयच त्या धंद्याला जडली होती. १९५० पासून तिकिटांवरील ईडी उपकराचा वाटा ब्रिटिश निर्मात्यांना मिळू लागला. ह्या दोन आधारांवर आणि अमेरिकन वितरकाच्या भागीदारीवर हॅमरसारख्या संस्था उभ्या होत्या. ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ला सुमारे ४२,००० पौंड खर्च आला. अमेरिकेत खपावा म्हणून त्यातील ब्रिटिश शास्त्रज्ञाचे काम ब्रायन डॉनलेव्ही ह्या अमेरिकन नटास देण्यात आले. मूळ लेखक नायजेल नील ह्यांना ही निवड अखेरपर्यंत रुचली नाही. चित्रपटाच्या नावातही धंद्याची चतुराई आहे. १९५१ पासून सोळा वर्षांखालील प्रेक्षकांस वर्ज्य असलेल्या चित्रपटांना ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळू लागले होते. हॅमरने ‘एक्स्पेरिमेंट’ ह्या शब्दातील आरंभीचा ‘ई’ गाळून तो शब्द ‘एक्स’ ह्या अक्षरानेच सुरू केला. परीक्षण-मंडळाने लावलेला कलंक असा भाळावरचा टिळा झाला. एका अक्षराच्या लोपाने एवढे अर्थकारण साधल्याची उदाहरणे भाषेच्या इतिहासात फार नसावीत.

अंथरूण पाहून पाय पसरावे लागल्यामुळे ह्या चित्रपटांचे स्वरूप ठरले. शत्रूचे शरीर दाखविणे महाग आणि बहुधा हास्यास्पद. म्हणून ते शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत लांबवावयाचे. परग्रह दाखविणे अशक्य. म्हणून परग्रहवासीयास इंग्लंडमधील एखाद्या खेड्यात, खाणावळीत, बेटावर आणावयाचे. १९५४ च्या ‘डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स’मध्ये मंगळावरील स्त्री स्कॉटलंडमधील एका आडबाजूच्या खाणावळीत उतरते. १९६४ चा ‘द अर्थ डाइज स्क्रीमिंग’ अवघ्या ६२ मिनिटांचा असून त्यात जगाचा अंत एका गावाच्या रस्त्यावर उरकला आहे. १९६७ च्या ‘नाइट ऑफ द बिग हीट’मध्ये ऐन हिवाळ्यात एका बेटावर असह्य उकाडा होतो, नटांच्या अंगावरील घाम हाच बराच वेळपर्यंत शत्रूच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा. जे दाखविता येत नाही ते बोलून सांगावे लागते. साक्षी, अहवाल, तारा, दूरध्वनी, जुनी कागदपत्रे, गावकऱ्यांच्या वदंता ह्यांनी ह्या चित्रपटांचा मोठा भाग व्यापलेला आहे. दारिद्र्यामुळे त्यांना परका शब्दांत उभा करावा लागला, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकास ते श्रीमंत अमेरिकन चित्रपटांपेक्षा अधिक देऊन जातात.

परका बोलतो कसा, हा ह्या दृष्टीने पहिला प्रश्न. उपरोक्त मंगळकन्या उत्तम इंग्रजी बोलते, तेही लंडनच्या रंगभूमीवर शोभेल अशा उच्चारांत. पॅट्रिशिया लॅफन ह्या अभिनेत्रीने ती भूमिका मोठ्या गांभीर्याने केली आहे. पण असा परका भय उत्पन्न करीत नाही; तो जिल्हाधिकाऱ्यासारखा वाटतो. ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’मधील व्हिक्टर कॅरून हा परत आलेला यात्री ह्याच्या अगदी उलट आहे. त्याची वाचा गेलेली आहे. रिचर्ड वर्ड्‌स्वर्थ ह्या नटाने (हे वर्ड्‌स्वर्थ कवीच्या वंशातील होत) ते काम जवळजवळ केवळ डोळ्यांनी आणि आखडलेल्या हाताने केले आहे. मनुष्य परका झाला ह्याची पहिली खूण येथे शरीरात नव्हे, वाणीत आहे. पत्नी विचारते आणि उत्तर येत नाही. नंतरच्या राक्षसापेक्षा हा प्रसंग अधिक भयंकर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जॉन विंडम ह्यांच्या १९५७ च्या ‘द मिडविच कुकूज’ ह्या कादंबरीवरून वुल्फ रिला ह्यांनी १९६० मध्ये दिग्दर्शिलेला ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ हा ह्याहून सूक्ष्म आहे. एका खेड्यातील सर्व स्त्रिया एकाच वेळी गर्भवती होतात आणि जन्मलेली मुले दिसावयास गोरीगोमटी, बोलावयास अतिशय सभ्य निघतात. त्यांच्यापैकी एकास एका कूट-पेटीचे रहस्य शिकविले की उरलेल्या सर्वांस ते आपोआप ठाऊक होते. मनुष्यांची मने परस्परांपासून अलग आहेत म्हणूनच भाषेची गरज पडते, हा भाषाशास्त्रातील मूलभूत विचार येथे कोणी न शिकविता मांडला गेला आहे. ज्यांची मने एकच आहेत त्यांना भाषा नको. ही मुले गावाशी बोलतात ते केवळ सौजन्य म्हणून. आपल्या घरातले मूल आपल्याशी आपल्याच भाषेत बोलते, परंतु ती त्याची भाषा नाही, ह्या जाणिवेत जी थंडी आहे ती कोणत्याही यंत्रमानवात नाही.

ह्या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे नील ह्यांचीच ‘क्वाटरमास अँड द पिट’ ही कृती. मालिका १९५८-५९ च्या हिवाळ्यात आली. रॉय वॉर्ड बेकर ह्यांचा चित्रपट १९६७ चा. लंडनच्या भुयारी रेल्वेचे काम चालू असता हॉब्ज एंड स्थानकाजवळ प्रथम आदिमानवांच्या कवट्या आणि मग पन्नास लक्ष वर्षांपूर्वीचे मंगळावरील यान सापडते. सैन्यातील अधिकारी ते जर्मनांचे युद्धकालीन अस्त्र ठरवून मोकळा होतो. सत्याचा माग लागतो तो एका पाटीमुळे. रस्त्याच्या नव्या पाटीवर ‘हॉब्ज’ ह्या नावात ‘बी’ हे अक्षर दोनदा आहे, जुन्या पाटीवर एकदाच. आणि ‘हॉब’ हे सैतानाचे जुने लोकनाम होते. स्थलनामाच्या व्युत्पत्तीवर कथानकाचा कणा उभारलेला असा दुसरा भयपट आमच्या पाहण्यात नाही. पाच मिनिटांत नामाभ्यासाची पद्धत त्यात दाखविली आहे. रूढ लेखन बाजूस सारून जुने लेखन शोधावयाचे, मग दफ्तरांतील नोंदी पाहावयाच्या, मग त्या जागेविषयीच्या आख्यायिका. पुण्याच्या वेताळ टेकडीचे नाव आपण रोज घेतो, पण त्या नावाखाली कोणत्या भयाचा थर आहे ह्याची चौकशी करीत नाही. नील ह्यांचे पात्र ती करते. नील ह्यांचे बालपण आइल ऑफ मॅन बेटावर गेले होते. त्या बेटाची मॅन्क्स ही भाषा त्यांच्या हयातीतच, १९७४ मध्ये, शेवटच्या जन्मभाषकाबरोबर विझली. भाषा मेली तरी स्थलनामे बोलत राहतात, हे अशा बेटावरील माणसास कोणी सांगावे लागत नाही.

ह्या कृतीचे दुसरे अंग अधिक कठोर आहे. मंगळवासीयांनी आदिमानवांत आपला एक संस्कार पेरून ठेवला असून तो म्हणजे आपल्याहून वेगळ्यास टिपून ठार करण्याची प्रेरणा होय, असे त्यात निष्पन्न होते. १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनच्या नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांविरुद्ध दंगे झाले. मालिका त्यानंतर काही महिन्यांनीच आली. तिचा रोख वंशद्वेषाकडे होता हे उघड आहे. इंग्रजीत ‘एलियन’ हा शब्द मुळी आकाशातून आलेला नव्हे. तो कायद्याचा शब्द आहे. १९०५ साली ब्रिटनने परदेशांतून येणाऱ्या लोकांना अडविण्यासाठी केलेल्या अधिनियमाच्या नावातच तो होता. परदेशी मनुष्य आणि परग्रहवासी ह्या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे ब्रिटिश प्रेक्षकास एकाचे भय पाहताना दुसऱ्याचे स्मरण न होणे कठीण.

मराठीची स्थिती वेगळी आहे. आपल्याकडे ह्या एका शब्दाची फोड निदान चार शब्दांत होते. ‘परकीय’ हा राज्यव्यवहाराचा शब्द. ‘परका’ हा मनाचा. सख्खा भाऊही परका होऊ शकतो. ‘उपरा’ म्हणजे बाहेरून येऊन राहिलेला, ज्याला राहत्या जागी मूळ नाही असा. लक्ष्मण माने ह्यांच्या १९८० च्या आत्मकथनाने ह्या शब्दाला जो भार दिला तो सर्वश्रुत आहे. आणि ‘परग्रहवासी’ हा विज्ञानलेखनासाठी घडविलेला, केवळ पत्ता सांगणारा समास. त्यात वैर नाही, तिरस्कार नाही. परिणामी मराठीत शत्रू परग्रहवासी शब्दातून आयता मिळत नाही. लेखकास तो घडवावा लागतो. हिंदी चित्रपटाने वेगळी युक्ती केली. एन. ए. अन्सारी ह्यांच्या १९६७ च्या, मंगळवासीयांच्या भीतीभोवती रचलेल्या चित्रपटाचे नाव आहे ‘वहाँ के लोग’. एका दर्शक क्रियाविशेषणात परकेपण उरकले! ‘तिकडचे लोक’ म्हणताना आपण मराठीतही हेच करतो.

मराठीत ह्या प्रकारच्या चित्रपटांची परंपरा निर्माण झाली नाही. तिचे काम ग्रंथांनी केले आणि त्यातील एक धागा थेट केंब्रिजला जातो. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले आणि १९६० पासून फ्रेड हॉइल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. त्याच काळात, १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हॉइल आणि जॉन एलियट ह्यांची ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका बी. बी. सी. वर आली. दूरच्या तारकाविश्वाकडून रेडिओ-संदेश येतो. तो उलगडल्यावर त्यात एक संगणक बांधण्याची कृती आढळते. बांधलेला संगणक मग स्वतःचे हेतू प्रकट करू लागतो. येथे परका देहाने येतच नाही. तो केवळ पाठ म्हणून येतो. वाचणे हीच चूक ठरते. भाषिक दृष्टीने ह्याहून शुद्ध आक्रमण कल्पिता येणार नाही, आणि निर्मात्याच्या दृष्टीने ह्याहून स्वस्तही नाही.

नारळीकर १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नावाने पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन केलेले हे टोपणनाव होते. पुढील ‘वामन परत न आला’ ह्या कादंबरीत एका वैज्ञानिक प्रयोगासाठी खोल खणताना पूर्वीच्या एका प्रगत संस्कृतीने ठेवलेली पेटी सापडते. तीतील ज्ञानावरून यंत्र घडते, यंत्रातून यंत्रमानव, आणि तो मानवास भारी पडू लागतो. नीलचा खड्डा आणि हॉइलचा संदेश ह्या दोहोंशी तिचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे. तथापि ह्यास अनुकरण म्हणावयाचे कारण नाही. नारळीकरांचा शत्रू बाहेरचा नाही आणि सैतानही नाही. तो वामन आहे. तीन पावले भूमी मागणारा, मागताना नम्र, मिळाल्यावर विराट. ‘परग्रहवासी’ ह्या निर्गुण शब्दाने जे साधले नसते ते एका पुराणनामाने साधले, कारण मराठी वाचकास दानाचे पुढे काय होते हे आधीच ठाऊक असते. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या कथालेखनाचा भाषिक अंगाने विचार अद्याप व्हावयाचाच आहे.

दुसरा धागा नारायण धारप (१९२५-२००८) ह्यांचा. विज्ञान आणि भय ह्यांची जी सरमिसळ हॅमरच्या चित्रपटांत आहे ती मराठीत धारपांनी केली, आणि तीही चित्रगृहाच्या नव्हे, वर्गणीच्या वाचनालयाच्या आश्रयाने. अल्प भांडवलाच्या चित्रपटाचे मराठी भावंड म्हणजे वाचनालयातील हातोहात फिरून पुठ्ठा निघालेले पुस्तक होय. विद्यापीठीय समीक्षेने दोहोंकडेही सारख्याच सोवळेपणाने पाठ फिरविली. २०१८ च्या ‘तुंबाड’ ह्या चित्रपटामुळे धारपांचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले, ही गोष्ट समीक्षकांना भूषणावह नाही.

आता घिवलीकडे वळावयाचे ते ‘क्वाटरमास २’ ह्या १९५७ च्या चित्रपटामुळे. (मालिका १९५५ ची.) ह्यात विनरडन फ्लॅट्स नावाचे एक खेडे जमीनदोस्त करून तेथे घुमटांचा व नळांचा प्रचंड कारखाना उभारला आहे. कृत्रिम अन्न बनविण्यासाठी तो आहे, असे सरकार सांगते. वस्तुतः घुमटांत परग्रहावरील जीव पोसले जात आहेत आणि सरकारातील वरिष्ठ अधिकारी त्यांच्या ताब्यात गेले आहेत. शेजारी कामगारांसाठी एकसाची घरांची नवी वसाहत आहे. तिच्यात चांगला पगार आहे, मनोरंजनाचे सभागृह आहे, आणि कामाविषयी कोणाशी बोलू नये अशा आशयाच्या सूचना आहेत. चित्रण एसेक्समधील शेल हेवनच्या तेल-शुद्धीकरण कारखान्यात केले. वसाहतीसाठी तेव्हा बांधले जात असलेले हेमेल हेम्पस्टेड हे नवे नगर उपयोगी पडले. ९२,००० पौंडांत असा देखावा उभारणे शक्यच नव्हते. तो चालू स्थितीत भाड्याने मिळाला. त्यामुळे एक गोष्ट आपोआप घडली. चित्रपटातील सर्वांत अनोळखी वस्तू ही इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष उभी असलेली वस्तू ठरली. प्रेक्षकांना ह्यात काल्पनिक फार थोडे वाटले असेल. १९४३ मध्ये युद्धकार्यासाठी इम्बर आणि टाइनहॅम ही खेडी रिकामी करविण्यात आली होती आणि युद्धानंतरही ती रहिवाशांना परत मिळाली नाहीत. १९५६ मध्ये काल्डर हॉलचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये, चित्रपट निघाला त्याच वर्षी, शेजारच्या विंडस्केल येथील अणुभट्टीस आग लागली.

घिवली हे बोईसरच्या पश्चिमेस, तारापूर अणुविद्युत केंद्राच्या शेजारी वसलेले गाव आहे. भारतातील ह्या पहिल्या अणुविद्युत केंद्राची पहिली दोन एकके अमेरिकन जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या तंत्राने बांधली गेली व २८ ऑक्टोबर १९६९ रोजी ती व्यापारी तत्त्वावर चालू झाली. तिसऱ्या व चौथ्या एककांसाठी, जी २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाली, अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. येथे कोणी असा अर्थ काढू नये की तारापूरच्या भिंतीआड काही परग्रहीय चालले आहे. तेथे वीज निर्माण होते आणि ती आपल्या घरांत येते. तुलना कारखान्यांची नाही, शेजाऱ्यांची आहे. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाच्या अठराव्या कलमाने केंद्रांविषयीची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्याची कारणे कोणासही समजण्यासारखी आहेत. परंतु परिणाम असा की ज्या गावाच्या क्षितिजावर ही वास्तू रोज उभी आहे, त्या गावाला तिच्याविषयी बोलावयाचे शब्द बाहेरूनच मिळतात. मांगेली, वाडवळी आणि वारली ह्या बोलींच्या ह्या टापूत मासळी, जाळी, वारा, भरती ह्यांसाठी शब्दांची ददात नाही. केंद्रासाठी मात्र ‘टॅप्स’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे, आतून बंद असलेले नाव आहे, आणि ‘किरणोत्सर्ग’ हा शासकीय मराठीने घडविलेला संस्कृत शब्द. दोन्ही शब्द उच्चारता येतात, पण उघडून पाहता येत नाहीत.

‘क्वाटरमास २’ पाहताना बहुतेकांचे लक्ष घुमटातील जीवांकडे लागते. ते जीव अगदी सामान्य प्रतीचे आहेत. पैसे संपल्याचे स्पष्ट दिसते. खरे नाट्य वसाहतीच्या सभागृहात आहे. कामगारांना प्रश्न विचारणारा क्वाटरमास हाच तेथे परका ठरतो. आपल्या अन्नात कोणी माती कालवू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. पुढे त्यांच्यातील एकीवर प्रत्यक्ष संकट ओढवते तेव्हाच ते कारखान्यावर चालून जातात आणि नळांतून काय वाहत आहे हे त्यांना कळते. नील ह्यांनी ह्या कामगारांना मूर्ख दाखविलेले नाही. मजुरी, घर आणि मौन ह्यांचा सौदा त्यांनी डोळे उघडे ठेवून केलेला आहे. पण ह्या सौद्यात एक पक्ष कधी बोलावलाच गेला नाही. वसाहतीतील माणसे कामासाठी बाहेरून आलेली आहेत. मराठी शब्दाच्या नेमक्या अर्थाने तेथले उपरे तेच. त्यांच्या आधी विनरडन फ्लॅट्स ह्या नावाने जे गाव होते त्यातील एकही मनुष्य चित्रपटातील घडामोडीत ठळकपणे पुढे येत नाही. कारखाना शेवटी ज्वाळांत जातो आणि ह्या सर्वांचा अंतिम अहवाल कसा लिहावा ह्याची चिंता पोलीस अधिकाऱ्यास पडते. गावाचे नाव मात्र कारखान्याकडेच राहते.